शिकार राजाची, खेळ साहेबाचा, गुन्हा पारध्याचा

मंडळी, 'सफारी' हा शब्द आता आपल्या इंदापूर-बारामतीत पोचलाय. 2024 पासून वनविभागानं कडबनवाडी आणि शिर्सुफळच्या माळावर ग्रासलँड सफारी सुरू केली. ऑनलाइन बुकिंग करायचं, गावातलाच वाटाड्या बरोबर घ्यायचा, गाडीतून ठरलेल्या वाटेनं फिरायचं आणि चिंकारा, लांडगा, खोकड, तरस दिसतंय का बघायचं. पुण्या-मुंबईची माणसं मोठमोठे कॅमेरे घेऊन येतात. इकडं शेळगावात पारावर बसलेल्यांना अजून नवल वाटतं, की आपल्या कुसळात हे बघायला येत्यात तरी काय?

येऊ द्या, चांगलंच आहे. पण हा शब्द आपल्या माळावर येताना बरोबर एक इतिहासही घेऊन आलाय. त्यात शिकार आहे, धनुष्यबाण आहे, राजे आहेत, साहेब आहेत आणि आपल्याच शिवाराच्या कडेला पाल टाकून राहणारा पारधी आहे. त्याबद्दल आज जरा सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

सफारी हा शब्द पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतला. मूळ अरबी, 'सफर'. म्हणजे आपण मराठीत सफर म्हणतो तोच. अर्थ साधा, प्रवास. पण गोऱ्या साहेबांनी आफ्रिकेत जाऊन बंदुका चालवायला सुरुवात केली आणि या शब्दाचा अर्थच बदलला. 1909 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट पदावरून उतरले आणि मुलाला घेऊन थेट पूर्व आफ्रिकेत गेले. बरोबर शेकडो हमाल. वॉशिंग्टनच्या संग्रहालयासाठी नमुने गोळा करायचे, हे कारण. बापलेकांनी मिळून 512 जनावरं मारली. त्यात सिंह, हत्ती, गेंडे सगळं आलं. जगभरच्या पेपरांत त्याचे फोटो छापले गेले, पुस्तक निघालं. कुणी त्याला गुन्हा म्हणलं नाही.

मग काही हौशी लोकांना बंदूक फार सोपी वाटायला लागली. सॅक्स्टन पोप नावाचे सॅन फ्रान्सिस्कोचे एक सर्जन होते. ते आणि त्यांचे मित्र आर्थर यंग 1925 मध्ये टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, धनुष्यबाणानं सिंह मारायला गेले. आज अमेरिकेत धनुष्याच्या शिकारीचे विक्रम नोंदवणारा जो मोठा क्लब आहे, त्याला या दोघांचंच नाव आहे. आफ्रिकेत जाऊन जुन्या पद्धतीच्या धनुष्यानं मोठं जनावर मारायचा छंद आजही लोक करतात. परवाने काढून, लाखो रुपये मोजून.

आता यातली खरी गोष्ट ऐका. पोपसाहेबांना धनुर्विद्या शिकवली कुणी? इशी नावाच्या माणसानं. कॅलिफोर्नियातल्या याही या आदिवासी जमातीतला हा शेवटचा माणूस. त्याची सगळी जमात सोन्याच्या आणि जमिनीच्या मागं आलेल्या वसाहतवाल्यांनी संपवली होती. 1911 मध्ये तो एकटाच, उपाशी, एका गावाजवळ सापडला. त्याला संग्रहालयात ठेवलं. तिथं तो लोकांना धनुष्य कसं करायचं, बाण कसा घासायचा ते दाखवायचा. 1916 मध्ये तो क्षयानं गेला. ज्याची ही पोट भरायची विद्या होती तो संपला, आणि ज्यानं ती हौसेनं शिकली त्याच्या नावानं क्लब निघाला.

तिकडं केनियात आणखी वेगळं घडलं. त्सावोच्या रुक्ष झुडपी प्रदेशात वाटा नावाचे लोक पिढ्यानपिढ्या धनुष्यबाणानं हत्तीची शिकार करायचे. त्यांचं धनुष्य इतकं ताठ, की सवय नसलेल्या माणसाला ते पुरतं ओढताही यायचं नाही. बाणाच्या टोकाला एका झाडापासून उकळून काढलेलं जालीम विष. 1948 मध्ये त्सावो राष्ट्रीय उद्यान झालं आणि वाटा लोक आपल्याच रानात चोर ठरले. 1956-57 मध्ये त्यांच्याविरुद्ध मोठी मोहीम निघाली. कित्येकांना तुरुंगात टाकलं. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हस्तिदंताचे व्यापारी त्यांच्याकडून माल घ्यायचे, हत्ती मोठ्या संख्येनं मरत होते, त्यामुळं रोखणं गरजेचं होतंच. पण त्याच वर्षांत त्याच देशात उद्यानाच्या हद्दीबाहेर साहेब लोक परवाना काढून हत्ती मारत होते आणि ते कायदेशीर होतं. केनियानं सगळ्यांची शिकार बंद केली ती 1977 मध्ये.

अगदी अलीकडचं सांगायचं तर 2015 मधला झिंबाब्वेतला सेसिल सिंह. अमेरिकेतल्या एका दंतवैद्यानं बाण मारून त्याला जखमी केलं. तो कित्येक तास तसाच फिरला, मग त्याला ठार केलं. जगभर बोंब झाली. शेवटी झिंबाब्वे सरकारनं सांगितलं, पाहुण्याची कागदपत्रं बरोबर होती. विषय संपला.

तुम्ही म्हणाल, पत्रकार साहेब, आफ्रिकेचं आम्हाला काय सांगताय? सांगतो. कारण आफ्रिका कोल्हापूरपर्यंत आलेली होती.

आपल्याकडं राजांच्या शिकारीचा इतिहास फार जुना. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ केला. त्यात राजानं शिकार किती प्रकारांनी करावी याचं सविस्तर वर्णन आहे. पाळलेल्या चित्त्याकडून हरणं मारून घ्यायची पद्धतही त्यात आहे. पुढं मुघलांनी ती वाढवली. ब्रिटिश काळात काही संस्थानांनी ती टिकवली. त्यात दोन नावं मोठी, गुजरातचं भावनगर आणि आपलं कोल्हापूर.

पद्धत कशी होती बघा. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी घालायची आणि त्याला बैलगाडीत बसवायचं. काळवीट माणसाला बिचकतं, पण बैलगाडीला बिचकत नाही, कारण रोजचीच. गाडी हळूहळू कळपाजवळ न्यायची. मग टोपी काढायची आणि चित्त्याला हरीण दाखवून सोडून द्यायचं. एक-दोन मिनिटांत निकाल. चित्ता हरणाच्या नरड्याला धरून बसला, की चित्तेवान पळत जायचा, हरीण कापायचा, रक्तमांसाचा वाटा चित्त्याला द्यायचा आणि पुन्हा टोपी. कोल्हापुरात हे काम करणाऱ्या घराण्यांना चित्तेवान म्हणायचे.

यात एक गोम होती. पिंजऱ्यात चित्त्याला पिल्लं होत नाहीत म्हणलं तरी चालेल, इतकं ते दुर्मीळ. आणि पिल्लापासून पाळलेल्या चित्त्याला शिकार जमत नाही, ती त्याला आईनंच शिकवावी लागते. म्हणून दर वेळी रानातला मोठा, शिकार येणारा चित्ताच पकडायचा. शेकडो वर्षं असं केल्यावर रानात राहणार काय? विसाव्या शतकात आपल्याकडचे चित्ते मिळेनासे झाले, तेव्हा संस्थानांनी बोटीनं आफ्रिकेतून चित्ते आणायला सुरुवात केली. 1918 ते 1945 या काळात असे सुमारे 200 चित्ते भारतात आले असा अभ्यासकांचा हिशोब आहे. कोल्हापूरच्या माळावर काळवीटामागं धावलेले शेवटचे चित्ते आफ्रिकेचे होते. 1947 मध्ये कोरियाच्या महाराजांनी एका रात्रीत तीन चित्ते मारले. देशातले ते शेवटचे नोंदलेले चित्ते मानले जातात. 1952 मध्ये चित्ता नामशेष जाहीर झाला. सत्तर वर्षांनी, 2022 मध्ये, तो पुन्हा आफ्रिकेतूनच, नामिबियातून, कुनोत आणावा लागला.

आता मुद्द्याचं. राजासाठी रानातला चित्ता पकडायचं आणि त्याला माणसाळवायचं काम कोण करायचं? ते काम असलेल्या पारध्यांचा एक वेगळा गटच होता, त्याला चित्तापारधी किंवा चित्तेवाले म्हणायचे. गाईच्या आडोशानं हरणाजवळ जाणारे ते गायपारधी. फासे लावणारे ते फासेपारधी. पारध म्हणजेच शिकार. या लोकांचं नावच त्यांच्या धंद्यावरून पडलेलं.

आपला फासेपारधी धनुष्यबाणावर अवलंबून नव्हता. धनुष्य हे झाडीतलं हत्यार. खानदेशातला भिल्ल, भामरागडचा माडिया, सह्याद्रीतला कातकरी यांना झाडाचा आडोसा मिळतो. आपल्या माळावर गुडघ्याएवढं गवत आणि चहूकडं उघडं. काळवीट लांबूनच बघतं आणि उधळतं. तिथं बाण काय करणार? म्हणून इथल्या माणसानं दुसरी विद्या काढली. जनावर कुठल्या वाटेनं जातं, कधी पाण्यावर येतं, वाऱ्याची दिशा काय, हे सगळं वाचायचं आणि वाटेवर ओळीनं फासे मांडायचे. हरणासाठी तातीचे जाड फासे, तितर-लाव्यासाठी घोड्याच्या केसांचे बारीक. पाळलेला तितर पिंजऱ्यात ठेवायचा, त्याच्या ओरडण्यानं रानातला तितर भांडायला येतो आणि फाशात अडकतो. हुशार गाय पुढं घालून तिच्या आडून चालायचं. बैलगाडीच्या आड चित्ता नेणं आणि गाईच्या आड फासा नेणं, अक्कल एकच. फरक एवढाच, की एकाच्या मागं दरबार होता आणि दुसऱ्याच्या मागं उपाशी पोरं.

यात नियमही होते. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांच्या गटानं महाराष्ट्रातल्या नंदीवाले, वैदू आणि फासेपारधी या तीन भटक्या जमातींच्या शिकारीचा अभ्यास केला होता. तो 1983 मध्ये छापून आला. त्यांना दिसलं, की तिघांची शिकार वेगवेगळी. नंदीवाल्यांकडं कुत्री, त्यामुळं त्यांची शिकार डुक्कर, साळिंदर, घोरपड. वैदूंची शिकार मुंगूस, रानमांजर अशा लहान जनावरांची. फासेपारध्यांची हरणं आणि पाखरं. एकाच रानात फिरून एकमेकांच्या वाट्याला फारसं जायचं नाही. आणि फाशात गाभण हरिणी किंवा पाडस सापडलं तर सोडून द्यायचं, अशी पारध्यांची जुनी रीत. ही काही दया नव्हे. पुढच्या वर्षी रानात काही राहावं, याचा हिशोब होता तो.

इंग्रजानं या माणसाचं काय केलं? 1871 मध्ये त्यानं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. 1911 च्या सुधारणेनंतर तो आपल्या मुंबई इलाख्यात जोरात लागू झाला. कायदा असा, की माणसानं काही केलं म्हणून नाही, तर अमुक जातीत जन्मला म्हणून गुन्हेगार. पाटलाकडं हजेरी, परगावी जायचं तर परवानगी, आणि संशय आला तर कुटुंबासकट तारेच्या कुंपणात. सोलापूरची सेटलमेंट आपल्यापासून काही लांब नाही, तिथल्या लोकांच्या पिढ्या त्या तारेच्या आत गेल्या. ज्या माणसाचं पोट फिरण्यावर, त्याला फिरायलाच बंदी. आणि त्याच काळात पुण्याच्या छावणीतले अधिकारी बंदुका घेऊन दख्खनच्या माळावर काळवीट मारायला यायचे. ते स्पोर्ट.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र मनाला लागून राहते. ज्या कोल्हापूरच्या दरबारात चित्ते होते, त्याच दरबारात राजर्षी शाहू महाराज होते. 1918 मध्ये त्यांनी आपल्या संस्थानात अशा जमातींची रोजची हजेरी बंद केली. फासेपारध्यांना पकडून कोंडण्याऐवजी आसरा दिला, काम दिलं. ज्यांना सगळे चोर म्हणत त्यांच्यावर राखणीची जबाबदारी टाकली. महाराज स्वतः कसलेले शिकारी. पारध्याच्या हातातली विद्या काय दर्जाची आहे, हे त्यांना कळत असणार असं मला वाटतं. शिकाऱ्यानं शिकाऱ्याला ओळखलं.

स्वातंत्र्यानंतर, 1952 मध्ये तो काळा कायदा गेला. 31 ऑगस्ट हा विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण शिकारीच्या बाबतीत जुनंच चालू राहिलं. 1951 च्या मुंबई राज्याच्या वन्यजीव कायद्यात परवाना घेऊन शिकार करता यायची. परवाना काढणार कोण? ज्याच्याकडं बंदूक आणि जीप आहे तो. रात्री जीपचा दिवा हरणाच्या डोळ्यांवर टाकायचा आणि गोळी घालायची, हा प्रकार देशभर बोकाळला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला आळा घातला. हा कायदा चांगला आहे, त्यामुळंच आज चिंकारा आणि लांडगा शिल्लक आहे. पण एक बघा. या कायद्यानं साहेबाचा छंद गेला, पारध्याची भाकरी गेली. छंद गेलेल्यानं कॅमेरा घेतला. भाकरी गेलेल्याला दुसरी भाकरी कुणी दिली नाही.

आणि माळ रिकामा झाला तो काय फक्त फाशानं? आपल्या डोळ्यांदेखतचं आहे. सरकारी दप्तरात माळाला नाव काय, तर पडीक. पडीक म्हणलं, की कुणीही यावं आणि काहीही करावं. नीरा डाव्या कालव्याचं पाणी आलं, पलीकडं उजनीचं आलं. ऊस आला, कारखाने आले, चार पैसे आले. त्याबद्दल तक्रार नाही, आपण सगळे त्यावरच उभे आहोत. पण पोकलेननं माळ सपाट झाले, गवत गेलं, ओढे बुजले. गवतात झाडं लावायच्या मोहिमा निघाल्या, गवत ही पण एक संपत्ती आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मोकाट कुत्री वाढली. पुणे जिल्ह्यात कुत्र्या-लांडग्याचा संकर झाल्याचंही अभ्यासकांना दिसलंय. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य 1997 मध्ये झालं, ते पाच चौरस किलोमीटरच्या आसपास. भीमेपलीकडं कर्जत तालुक्यातलं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य 1980 चं, ते सव्वादोनसुद्धा नाही. एवढ्याशा तुकड्यांत आपण सगळा माळ जपून ठेवलाय.

आता कुणी म्हणेल, मग काय पारध्याला शिकार करू द्यायची का? नाही. अजिबात नाही. राहिलेल्या मूठभर जनावरांत आता कुणाचाच वाटा नाही, राजाचा नाही, साहेबाचा नाही, पारध्याचाही नाही. चोरट्या शिकारीत काही पारधी पकडले गेलेत हेही खरं, आणि त्यांना कायद्यानं शिक्षा व्हावी. पण ती त्या माणसाला व्हावी, जमातीला नाही. तालुक्यात कुठं चोरी झाली, की पहिली गाडी पालावर जाते. बातमीच्या मथळ्यात चोराची जात फक्त पारध्याचीच छापली जाते, बाकीच्यांची नाही. 1952 मध्ये कागदावरून गेलेला कायदा डोक्यातून गेलेला नाही.

कागदावर हा समाज अनुसूचित जमातीत आहे. पण दाखला काढायचा तर 1950 च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा द्या म्हणतात. ज्याच्या आजोबाला एका गावात राहूच दिलं नाही, त्यानं पुरावा आणायचा कुठून? दाखला नाही म्हणून सवलत नाही, जागा नाही म्हणून घरकुल नाही, पत्ता नाही म्हणून रेशन नाही. पोरं शाळेच्या पटावर असतात आणि वर्गात नसतात.

म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे. आपल्याकडं सफारी आलीय, गावातल्या पोरांना वाटाड्याचं काम मिळतंय, उत्तम. त्या कामात पारध्यांची दोन-चार पोरं का नसावीत? लांडग्याचा माग, तितराचं घरटं, खोकडाचं बीळ, हरणाची पाण्याची वाट, हे ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या शिकवलं गेलं, त्यांच्यापेक्षा चांगला वाटाड्या वनविभागाला कुठं मिळणार? पुण्याहून येणाऱ्या पाहुण्याला दुर्बिणीतून जे दिसत नाही, ते यांच्या म्हाताऱ्यांना नुसत्या पायवाटेवरून कळतं. आणि ही विद्या आता एका पिढीची सोबती आहे. फासा मांडलेले हात गेले, की माळ वाचणारे डोळेही गेले.

हे काही स्वप्नरंजन नाही. अकोला-वाशीम भागात 'संवेदना' नावाची संस्था फासेपारधी कुटुंबांना बरोबर घेऊनच माळरान राखायचं काम करतेय. जिथं फासे लागायचे तिथं आता गवत राखलं जातंय. तिकडं होतं, तर बारामती-इंदापुरात का नाही? शाहू महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी पारध्याच्या हातात राखण दिली होती. आपल्याला तेवढंही जमू नये?

ग्रामपंचायतींनी ठराव करावेत, वनविभागानं वाटाड्यांच्या पुढच्या भरतीत पारधी मुला-मुलींसाठी जागा ठेवाव्यात, तहसील कार्यालयानं पालावर जाऊन दाखल्यांचं शिबिर घ्यावं. तीनच मागण्या आहेत. खर्च फार नाही, इच्छा लागते.

तुमच्या गावात जुन्या माणसांनी काळवीट, माळढोक किंवा पारध्याचे फासे बघितलेले असतील, तर त्यांच्याकडून ऐकून इथं लिहा. कुणाच्या आजोबांनी पारध्याला शेताची राखण दिली असेल, तर तेही लिहा. आपला इतिहास आपणच लिहून ठेवला पाहिजे, बाहेरचा कुणी येऊन तो लिहिणार नाही.